बाराव्या आठवड्याचा शुक्रवार

आमच्या घरी मागण्यालाही पाळी होती. हे आधी सांगितले नाही तर पुढचे काही कळणार नाही. यशवंतपूरच्या रेल्वे यार्डामागे एका दुमजली घराच्या खालच्या भागात आम्ही भाड्याने राहत होतो, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत शहरातली मराठी ख्रिस्ती कुटुंबे जमत. सगळी मिळून बारा. नगर, जालना, कोल्हापूर अशा ठिकाणांहून कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी आलेली, बाजारात आणि बसमध्ये कन्नड बोलणारी, रविवारी तमिळ मंडळीच्या चर्चमध्ये मागल्या बाकांवर बसणारी. शुक्रवार मात्र त्यांचा स्वतःचा होता, मराठीतला. त्या दिवशी बाराही घरे उपास करीत, आणि तो उपास एकाच घराच्या दुखण्यासाठी असे. बाबांचे म्हणणे असे, की बारा जणांनी बारा गोष्टी मागितल्या तर ती गर्दी होते. बारा जणांनी एकच मागितली तर ती विनंती होते. त्यामुळे एका घराची पाळी बारा आठवड्यांनी येई. यादी एका वहीत लिहिलेली असे, ती वही माझ्याकडे असे, आणि सभेच्या सुरुवातीला त्या दिवशीचे नाव वाचून दाखवण्याचा मान माझा होता. मी सतरा वर्षांचा होतो. मान मिळण्यासारखे दुसरे काही माझ्याजवळ नव्हते.

बाबा कारखान्यात मापांचे तपासनीस होते. यंत्रावरून उतरलेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर येई, आणि केसाएवढा फरक असला तरी तो लाल पेटीत जाई. घरीही त्यांची नजर तीच. ते रागावत नसत. ते फक्त पाहत. कोणी काही मागितलेले त्यांना आवडत नसे. ताटातली भाकरी संपली तर हात आखडून बसायचे. आईचे लक्ष जाईल तेव्हा ती वाढील. मी असा बसून वाढलो. माझ्याहून तीन वर्षांनी लहान असलेली सुमन मात्र ताट पुढे सरकवून म्हणे, "आई, अजून अर्धी. कडक भाजलेली." आणि तिला मिळे, कडक भाजलेली. बाबा तिच्याकडे नुसते पाहत. मला माणसांचा हेवा वाटू लागला तो इथून, अर्ध्या भाकरीपासून. पुढे त्याची कारणे वाढली. चव तीच राहिली.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. यार्डात डबे जोडले जात तेव्हा धक्का एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत जाई आणि आमच्या फळीवरची पितळी भांडी किंचित वाजत. पहाटे आई नाचणी दळत असे. समोरच्या घरातली म्हातारी नळावरून कोणाशी तरी कन्नडमध्ये भांडत असे आणि शेवटी दर वेळी "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणून मिटवत असे. सुमन मला अण्णा म्हणे. घरात भाषा मराठी होती. हाका आजूबाजूच्या लागल्या होत्या. गुरुवारी रात्रीच्या जेवणानंतर चूल थंड होई ती शुक्रवारची सभा संपेपर्यंत. मग आई नाचणीची आंबील वाढी, ताक आणि जिरे घातलेली. चोवीस तासांच्या उपासानंतरच्या त्या पहिल्या घोटाइतके चांगले अन्न मी पुढे कुठे खाल्लेले नाही. यात अतिशयोक्ती नाही. मला ती येत नाही.

सुमनची दृष्टी जात होती. डोळ्याच्या आतला पडदा झिजतो आहे, त्याला औषध नाही, असे डॉक्टरांनी दोनदा सांगितले होते. बाबांनी ते ऐकून घेतले आणि घरी आल्यावर मोजायला सुरुवात केली. पुढच्या खोलीच्या भिंतीवर कारखान्याचे कॅलेंडर होते, ठळक काळ्या आकड्यांचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सुमन मागच्या दाराशी उभी राहून भिंतीकडे चालत येई. बाबा कॅलेंडरशेजारी उभे राहून विचारीत, "तिसरी ओळ, चौथं घर?" जिथून तिला आकडा वाचता येई तिथे ती थांबे, आणि मी वाकून तिच्या पायाच्या बोटांपुढे खडूची रेघ ओढी. लाल फरशीवर पांढरी रेघ. आई फरशी पुसताना रेघा सोडून पुसत असे. पहिली रेघ मागच्या दारापासून हातभर होती. दोन वर्षांत त्या रेघा भिंतीकडे सरकत सरकत निम्म्या खोलीच्या पुढे आल्या.

मग त्या थांबल्या. आमच्या पाळीचा शुक्रवार झाला, बाराही घरांनी सुमनसाठी उपास केला, त्या बारांतल्या शिरसाटमामांना त्या दिवशी कारखान्यात चक्कर आली इतका कडक केला, आणि त्यानंतरच्या रविवारी सुमन जुन्याच रेघेवर थांबून आकडा बरोबर बोलली. पुढच्या महिन्यात पुन्हा. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. मी खडू हातात घेऊन वाकत होतो आणि नवी रेघ ओढण्याची गरज पडत नव्हती. मी हे कोणाजवळ बोललो नाही, पण मनात हिशेब पक्का झाला होता: एका शुक्रवाराने रेघ थांबली, तर दुसऱ्या शुक्रवाराने ती मागे सरकेल. मी आठवडे मोजू लागलो. आमची पुढची पाळी बाराव्या आठवड्याला होती. वहीत सुमनचे नाव मी आधीच लिहून ठेवले होते, जरा मोठ्या अक्षरात.

वरच्या मजल्यावर देशपांडे राहायला आले होते. ते पुण्याचे. देशपांडे बाबांच्याच कारखान्यात इंजिनिअर, बाबांच्या दोन पायऱ्या वर. मुलगा विनू, सुमनच्या वयाचा, दिवसभर शीळ घालणारा. काकूंचा आवाज जिन्यावरून आधी येई आणि त्या मागाहून.

पहिल्याच शुक्रवारी त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "अहो वहिनी, तुमच्याकडे आज फोडणीचा वास नाही!"

"आज उपास आहे," आई म्हणाली.

"मग साबुदाणा भिजवायला नको का? थांबा, माझ्याकडे भिजलेलाय, आणते."

"आमच्यात काही खात नाहीत."

"शेंगदाणे?"

"नाही."

"रताळं? दूध तरी?"

"पाणी."

"बाई गं! म्हणजे उपासाला उपासाचं काहीच नाही?" काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "कठीण आहे हो तुमचा देव."

आई हसली होती. ती सहसा हसत नसे. मी आतल्या खोलीत होतो आणि मला तेही आवडले नाही.

विनूला ताप आला तो साधा वाटला. चौथ्या दिवशी त्याला इस्पितळात नेले, आणि तिथे तो कोणाला ओळखेनासा झाला. मेंदूज्वर, असे कळले. नऊ दिवस झाले तरी त्याने डोळे उघडले नाहीत. वरचा मजला गप्प झाला. शीळ नाही, काकूंचा आवाज नाही. नवव्या दिवशी, गुरुवारी, आम्ही जेवायला बसलो असताना काकू खाली आल्या. चार दिवसांचे तेच पातळ अंगावर होते. उंबऱ्याच्या बाहेरच थांबल्या.

"साळवे भाऊ," त्या बाबांना म्हणाल्या, "शुक्रवारी तुम्ही खाली काय मागता ते मला वर सगळं ऐकू येतं. माझ्या मुलासाठी मागाल का?"

बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "उद्याचा शुक्रवार तुमचा," ते म्हणाले.

उद्याचा शुक्रवार बारावा होता.

"उद्या आपला आहे, बाबा," मी म्हणालो.

"वही आण. लिही."

मी वही आणली. मोठ्या अक्षरातल्या सुमनवर काट मारली आणि शेजारी देशपांडे लिहिले. सुमन माझ्या शेजारीच जेवत होती. काय लिहिले ते तिला दिसणे शक्य नव्हते, पण लेखणी कुठे करकरली ते तिला ऐकू आले असेल.

मूल मरणाच्या दारात होते. बाबांनी केले ते कोणीही केले असते. हे मला तेव्हाही कळत होते आणि आज तर कळतेच. पण कळण्याने हेवा कमी होत नाही, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. तो शहाण्या माणसाच्या पोटातही सुखाने राहतो.

शुक्रवारी बाबांनी परक्या मुलखातल्या बाईची गोष्ट सांगितली. प्रभू त्या मुलखातून चालला असताना ती मागे ओरडत येते, की दया करा, माझी मुलगी पछाडलेली आहे. तो उत्तर देत नाही. शिष्य कंटाळून म्हणतात, हिला घालवून द्या. मग तो म्हणतो, मी घरच्या लेकरांसाठी आलो आहे. त्यांच्या ताटातले काढून कुत्र्यांना कसे घालू? बाई रागावत नाही, उठूनही जात नाही. ती म्हणते, ताटाखाली सांडलेले तरी त्यांचेच ना? आणि त्या घटकेला तिची मुलगी बरी होते. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत होतो आणि दर वेळी त्या बाईच्या बाजूने. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला दुसरेच विचारावेसे वाटले. ताटावर बसलेल्या लेकरांचे काय? ती जेवली होती का, हे त्या गर्दीत कोणी पाहिले का?

काकू उंबऱ्यावर बसल्या होत्या, निम्म्या आत आणि निम्म्या बाहेर. त्यांनीही दिवसभर पाणीच घेतले होते. आमच्या माणसांनी एकेक करून प्रार्थना केल्या, जशा आम्ही करीत असू. वळणदार, सवयीच्या, शेवटी आमेनकडे नीट उतरणाऱ्या. मग काकू बोलल्या. गुडघे टेकले नाहीत, डोळे मिटले नाहीत.

"मला तुमच्यासारखं बोलता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि आमच्याकडे नव्हे तर समोरच्या मोकळ्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या. "मी तुमची कोणी नाही. घरी देवाला पण सांगून आलेय, लपवत नाही. पण विनू डोळे उघडत नाहीये. दया करा. एवढंच. मी इथून उठणार नाही."

आणि त्या उठल्या नाहीत. आंबील वाढली गेली, लोक आमच्या रीतीप्रमाणे एकमेकांना "सलाम" म्हणत घरोघर निघाले. प्रत्येकाला त्यांना ओलांडून जावे लागले. शेवटी इस्पितळात जायला निघालेल्या देशपांड्यांनी त्यांना हाताला धरून उठवले.

रविवारी सकाळी विनूने डोळे उघडले.

पुढच्या शुक्रवारी आमच्या खोलीत इतका आनंद होता, की कॅलेंडर हलत होते. काकूंनी नारळाच्या वड्यांचा डबा भरून आणला होता. त्यांनी उंबऱ्यावरूनच सगळे सांगितले. रडल्या, मध्येच हसल्या, नर्सबाई काय म्हणाली त्याची नक्कल केली.

शिरसाटमामा वडी तोंडात टाकून म्हणाले, "माझी पाठ सहा वर्षं दुखतेय. किती पाळ्या झाल्या त्याचा नेम नाही. पुढच्या खेपेला माझ्यासाठी देशपांडे बाईंनाच बसवा उंबऱ्यात!"

"तुम्ही आधी पोट कमी करा, मामा," सुमन म्हणाली, आणि खोली पुन्हा हसली.

मी वडी घेतली नाही. "अण्णा, तुझी मी खाल्ली," असे सुमनने मला सांगितले. त्या संध्याकाळी प्रत्येक जण एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, की विनूने डोळे उघडले. आणि म्हणताना कोणाचेही लक्ष सुमनकडे गेले नाही. मी मोजत होतो. बारा घरांनी मिळून ते पंधरा वेळा म्हटले. मला विनूचा हेवा वाटला, काकूंचा वाटला, त्या गोष्टीतल्या परक्या बाईचाही वाटला, जी हजारो वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या ताटाखालून उचलून घेऊन गेली होती.

त्यानंतरच्या रविवारी खडूचा दिवस होता. सुमन जुन्या रेघेवर थांबली आणि बरोबर बोलली. रेघ मागे सरकली नव्हती. अर्थातच नव्हती, असे मी स्वतःला सांगितले; सरकवणारा शुक्रवार दुसरीकडे गेला होता.

विनू घरी आला. आईने मला काकूंचा डबा परत द्यायला वर पाठवले. रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात नाचणीचे लाडू भरले होते. वर विनू खिडकीपाशी उशांना टेकून बसला होता, कातडे नुसते हाडांना धरून राहिलेले, आणि यार्डाच्या पलीकडच्या रुळावरची मालगाडी मोजत होता.

"शेहेचाळीस... सत्तेचाळीस! आई, सत्तेचाळीस डबे! शेवटच्या डब्यात गार्ड चहा पितोय!"

पलीकडचा रूळ आमच्या घरापासून फर्लांगभर तरी लांब होता.

काकू स्वयंपाकघरात होत्या. मी डबा ओट्यावर ठेवला. त्या म्हणाल्या, "अरे, बस ना. पोहे टाकते."

"काकू, तो शुक्रवार आमचा होता," मी म्हणालो.

"कोणता?"

"तुम्हाला दिला तो. सुमनची पाळी होती. बाबांनी तिचं नाव काढून तुमचं घातलं."

त्यांच्या हातातली पळी तशीच राहिली. "मला ठाऊक नव्हतं रे."

"तिची रेघ थांबली होती. आणखी एक शुक्रवार मिळाला असता तर मागं गेली असती. आता आणखी बारा आठवडे थांबायचं. तोवर किती उरेल कोणास ठाऊक."

मी शांतपणे बोललो. ओरडलो असतो तर ते कमी वाईट झाले असते. काकूंनी स्टोव्ह बंद केला, पदराला हात पुसले, आणि चपला न घालता जिना उतरू लागल्या. मी मागोमाग गेलो. विनूचे मोजणे थांबले होते.

खाली बाबा नुकतेच कामावरून येऊन खुर्चीत बसले होते. आई सुपात तांदूळ निवडत होती. सुमन फरशीवर बसून अवरेकाईच्या शेंगा सोलत होती. दाणे एका भांड्यात, टरफले दुसऱ्यात, एकही चूक न करता.

"साळवे भाऊ, तो शुक्रवार हिचा होता?" काकूंनी विचारले. "हिच्या तोंडचा काढून मला दिलात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिले. "शुक्रवार कुणाचा नसतो."

"मग यादी कशाला?" मी म्हणालो. बाबांना उलट बोलण्याची ती पहिली वेळ. "रेघ थांबली होती, बाबा. तीन महिने थांबली होती. मी ओढतो ना, मला माहीत आहे. मागितलं म्हणून थांबली. पुन्हा मागितलं असतं तर..."

"अण्णा, गप्प बस," सुमन म्हणाली.

"का गप्प बसू? तुझ्यासाठीच बोलतोय."

"मी कॅलेंडर वाचतच नव्हते."

शेंगा सोलण्याचे तिचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, "पहिली तारीख कुठल्या वारी आली हे कळलं, की बाकीचं काय, स्वल्प बेरीज. तिसरी ओळ, चौथं घर. डोळे कशाला लागतात? रेघ पायाला कळते, खडू खरखरीत लागतो."

"कधीपासून?" आईने विचारले.

"त्या शुक्रवारनंतर. तुम्ही सगळे उपाशी राहिला होता. मामांना चक्कर आली. मग प्रत्येक जण येऊन विचारायला लागला, सुमन, आता कसं वाटतं, फरक आहे ना? मग मी काय सांगणार? अजून पुढं सरकले म्हणून?"

यार्डात डबे जोडले गेले. फळीवरची भांडी वाजून थांबली.

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले.

सुमनचे हात तेव्हा थांबले.

"मागल्या महिन्यात पान उलटायचं राहिलं होतं. भिंतीवर जुना महिना होता. तिनं नव्याचा आकडा सांगितला." बाबा प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते, माप वाचून दाखवताना थांबावे तसे. मग ते काकूंकडे वळले. "तुम्ही आलात तेव्हा मी शुक्रवार दिला, त्यात मोठेपणा नव्हता. आमच्याकडे तो वाया जाणार होता. पान चुकलं त्या दिवसापासून हिच्यासाठी मागणं माझ्यानं होत नव्हतं. ओठ हलवत होतो."

"आणि माझ्या विनूसाठी मागितलंत ते?"

"तुमचं तुम्ही मागितलंत. आम्ही नुसते उपाशी होतो."

आईने सूप बाजूला ठेवले. मी उभा होतो. खडू माझ्या हातात असे, मान खाली असे, डोळे तिच्या बोटांवर असत. भिंतीवर कोणता महिना आहे हे मी एकदाही मान वर करून पाहिले नव्हते. माझा सगळा हिशेब त्या फरशीवर उभा होता, आणि सुमनने तो पायाने तोलून धरला होता, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून. त्या घटकेला मला तिची दया यायला हवी होती. मला तिचा हेवा वाटला. एवढे मोठे खोटे एवढ्या सहज, कोणाकडून काही न मागता वाहून नेणे मला जमले नसते.

काकू खाली बसल्या. सुमनच्या पुढ्यातल्या शेंगांतली एक त्यांनी उचलली आणि सोलू लागल्या. "मग आता हिचं मी मागते," त्या म्हणाल्या.

"येत्या शुक्रवारी शिरसाटांची पाळी आहे," मी म्हणालो. होय, तेव्हासुद्धा.

"तुझी वही तुझ्यापाशी ठेव. मी कुठं आहे तुझ्या वहीत?" आणि सुमनला म्हणाल्या, "तोवर विनूला खाली पाठवते. तुझे धडे वाचून दाखवील. नुसता पडून डबे मोजतोय."

"मी वाचून दाखवतो," मी म्हणालो.

"तू वाचतोस ते नोटीस वाचल्यासारखं, अण्णा," सुमन म्हणाली. "मागल्या आठवड्यात तू कविता वाचलीस तर मला वाटलं, घर खाली करायला सांगतोयस."

काकूंना हसू आवरेना. आई हसली. बाबांच्याही ओठांचा कोपरा हलला. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी विनू भिंतीला धरत धरत जिना उतरला आणि इतिहासाचे पुस्तक घेऊन सुमनसमोर बसला. राजांचे आवाज काढून वाचू लागला. मी आतल्या खोलीतून ऐकले.

सुमनची दृष्टी पुढच्या दीड वर्षात पूर्ण गेली. काकूंनी त्या काळात एकही शुक्रवार चुकवला नाही. पाळी कोणाचीही असो, सगळ्यांचे झाले की त्या उंबऱ्यावरून तेच म्हणत, त्याच ओबडधोबड शब्दांत. फक्त विनूच्या जागी सुमन. बाबा पुढे पुढे आपली खुर्ची सोडून उंबऱ्याजवळ फरशीवर बसू लागले. त्यांचे नुसते ओठ हलत की आणखी काही, हे मला सांगता येणार नाही. खडूचे रविवार बंद झाले. आईने एके दिवशी सगळी फरशी पुसून काढली. दृष्टी गेल्यावरही काकू थांबल्या नाहीत, तेव्हा मी त्यांना एकदा जिन्यात गाठून विचारले, "काकू, मिळालं तर नाहीच. मग अजून कशाला?"

त्या पिशवी सावरत म्हणाल्या, "नाही मिळालं म्हणून निघून जायला मी काय दुकानात उभी आहे?" आणि वर गेल्या.

त्यांच्याइतकी श्रद्धा असलेले माणूस आमच्या बारा घरांत नव्हते, आणि त्या आमच्या नव्हत्या. हे लिहायला मला एवढी वर्षे लागली. देशपांड्यांनी पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला, जे. पी. नगरला, घर बांधले. काकू तिथेच वारल्या.

सुमनने तीस वर्षे एका बँकेत टेलिफोन सांभाळला. आवाजावरून ती माणसांची नावे सांगे. आता ती आणि मी, दोघेच आहोत, यशवंतपूरमध्येच, एका नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. माझी पत्नी गेली, मुलगा परदेशी असतो. विनू निवृत्त झाल्यापासून मंगळवारी आणि शनिवारी मेट्रोने येतो. त्याआधी नोकरीत असताना रविवारी यायचा. मधली काही वर्षे तो बाहेरगावी होता, तेव्हा वाचून, ध्वनिफिती भरून पाठवायचा. काकूंच्या त्या "तोवर"ने सुरू झालेल्या कामाला पन्नासाहून अधिक वर्षे झाली. तो वर्तमानपत्र वाचतो, कादंबऱ्या वाचतो, मंत्र्यांचे आवाज काढतो. सुमन हसते. माझ्या कोणत्याही बोलण्याला ती असे हसलेली नाही. त्याचे डोळे अजून चांगले आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रियाही त्याला लागली नाही. माझ्या दोन्ही झाल्या.

लिफ्टचे दार उघडल्याचे सुमनला माझ्याआधी कळते. "अण्णा, विनू आला, दार उघड," ती आतून सांगते. मी उठतो. कडीवर हात ठेवतो. पलीकडे तो उभा असतो, घसा खाकरत, आणि तो जुना, सतराव्या वर्षाचा हेवा हलतो. तेव्हा मी कडी धरून, ओठ न हलवता, काकूंचे उंबऱ्यावरचे ते दोन शब्द म्हणतो, दया करा. सुमनसाठी नाही. तिला काही कमी नाही. मग दार उघडतो, त्याला आत घेतो, चहा ठेवतो.

"एवढा वेळ काय करत होतास दारात?" सुमन दर वेळी विचारते.

कडी घट्ट झाली आहे, असे मी तिला सांगतो.